टीव्हीवर जाहिरात करणाऱ्या कंपनीकडून सोनं-चांदी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत नोकरी करून तुम्ही ६६ व्या वर्षी निवृत्त झालात, जुन्या कंपनीच्या ४०१-के या निवृत्ती बचत खात्यात बऱ्यापैकी रक्कम आहे. बातम्यांच्या चॅनेलवर दिवसभर दिसणारी सोन्याची जाहिरात पाहून तुम्ही माहितीपुस्तिका मागवली आणि तेव्हापासून एकाच माणसाचे रोज फोन येताहेत. ८० हजार डॉलर 'गोल्ड आयआरए'मध्ये, म्हणजे सोनं ठेवायच्या निवृत्ती खात्यात, हलवा, त्यावर काही हजारांची चांदी फुकट देतो, पण निर्णय या आठवड्यात घ्या, असं तो म्हणतोय. तुम्ही विचारलंत, ही कंपनी विश्वासाची आहे का?

मी अमेरिकेत नाण्यांच्या आणि बुलियनच्या, म्हणजे गुंतवणुकीच्या सोन्या-चांदीच्या, धंद्यात आहे. काउंटरवर बसून खरेदी-विक्री करणं हेच माझं काम. सोनं विकून मीही पोट भरतो हे तुम्हाला आधीच माहीत असावं. पुढे जी कसोटी सांगणार आहे ती माझ्यासारख्या दुकानदारालाही तेवढीच लावा.

'कंपनी विश्वासाची आहे का' एवढंच विचारलंत तर उत्तर बहुतेक वेळा 'हो' असं मिळेल आणि त्याने तुमचं काहीच भलं होणार नाही. या कंपन्यांपैकी बहुतेक खरंच माल पाठवतात, सोनं खरं असतं, ऑफिस असतं, रेटिंग चांगलं असतं. नुकसान होतं ते किमतीत. म्हणून प्रश्न असा विचारा: माझ्या ८० हजारांत नेमकं किती औंस सोनं येणार, आणि तेच सोनं त्याच दिवशी दुपारी विकलं तर हातात किती पडणार?

सोन्याचा जागतिक बाजारात मिनिटामिनिटाला बदलणारा भाव असतो, त्याला स्पॉट म्हणतात. तो एका ट्रॉय औंसाचा, म्हणजे ३१.१ ग्रॅम शुद्ध सोन्याचा असतो. नाणं पाडायला, आणायला, दुकान चालवायला खर्च येतो म्हणून विकणारा स्पॉटवर काही टक्के चढवतो, तो प्रीमियम. परत घेताना तो स्पॉटच्या आसपास, बहुधा थोडा खाली भाव देतो. विकायच्या आणि घ्यायच्या भावातलं अंतर म्हणजे स्प्रेड, आणि तोच तुमचा खरा खर्च. दागिना मोडताना घडणावळ बुडते हे आपल्या घरांत लहानांनाही ठाऊक असतं. हे तसंच आहे, फक्त इथे ही घडणावळ बिलावर वेगळी लिहिलेली नसते.

आता तुमच्याच रकमेवर हिशेब करू. समजा स्पॉटवर ५ टक्के देऊन साधी नाणी घेतलीत. ८० हजारांत सुमारे ७६,१९० डॉलरचं सोनं आलं. लगेच स्पॉटच्या ९८ टक्क्यांनी विकलं तर सुमारे ७४,६७० डॉलर परत मिळतील. मुद्दल वसूल व्हायला भाव साधारण ७ टक्के चढावा लागेल. हेच स्पॉटवर ४० टक्के चढवून घेतलंत तर ८० हजारांत सोनं आलं ५७,१४० डॉलरचं, आणि विकलं तर हातात ५६,०००. आता मुद्दल वसूल व्हायला भाव ४३ टक्के चढायला हवा. सोनं तेच, बाजार तोच, आणि फरक साडेअठरा हजार डॉलरांचा. फुकट मिळणाऱ्या चांदीचे पैसे कुठून येतात तेही यातच दिसतं.

४० टक्के हा आकडा मी घाबरवायला घेतलेला नाही. काही कंपन्यांच्या करारपत्रातच 'खास' नाण्यांवर ३० टक्क्यांच्या पुढचा स्प्रेड लिहिलेला असतो. तिथेही एक मेख आहे. 'आमचा स्प्रेड ३३ टक्के' म्हणजे १०० डॉलरला विकलेलं नाणं ते ६७ ला परत घेतील. टक्केवारी विक्रीच्या किमतीवर काढलेली आहे. आपल्याला पाहायचं असतं की ६७ च्या मालावर किती चढवलं: ३३ डॉलर, म्हणजे जवळजवळ ४९ टक्के. दोन्ही आकडे गणितात बरोबर आहेत, पण तुम्हाला फोनवर त्यातला लहानच ऐकवला जातो.

इतका स्प्रेड लागतो कशाला? टीव्हीवरचा वेळ महाग असतो. जाहिरातीत दिसणारा नट किंवा निवेदक मानधन घेतो, आणि फोनवरच्या विक्रेत्याला विक्रीवर कमिशन मिळतं. अमेरिकन ईगलसारख्या साध्या नाण्यावर काही टक्केच सुटतात, त्यात हा डोलारा उभा राहू शकत नाही. म्हणून जाहिरातीत दिसतं साधं ईगल, आणि फोनवर पंधरा-वीस मिनिटांत बोलणं दुसऱ्याच नाण्यांकडे वळतं. या वळणावर सावध राहा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

ही नाणी दोन तऱ्हांची असतात, ती ओळखता आली पाहिजेत. पहिली, साधी बुलियन नाणी: अमेरिकेचं ईगल (१९८६ पासून), बफेलो (२००६ पासून), कॅनडाचं मेपल लीफ (१९७९ पासून), दक्षिण आफ्रिकेचं क्रुगररँड (१९६७ पासून). एक औंसाचं सोन्याचं ईगल हातात घेतलंत तर ते ३२.७ मिलिमीटर रुंद आणि ३३.९३ ग्रॅम वजनाचं असतं. ते २२ कॅरटचं आहे. वरचं वजन चांदी-तांब्याचं, शुद्ध सोनं बरोबर एक ट्रॉय औंस. त्यावर ५० डॉलर ही दर्शनी किंमत असते, पण व्यवहारात तिला अर्थ नाही. अशा नाण्याचा भाव देशातला कुठलाही नाणेविक्रेता फोनवर सांगतो, कारण उद्या ते त्याला दुसऱ्या कुणालाही विकता येतं.

दुसरी तऱ्हा 'एक्स्क्लुझिव्ह' नाण्यांची. परदेशी टांकसाळीकडून खास पाडून घेतलेली, पाव औंस किंवा दीड औंस अशा वजनांची, प्राण्यांची सुंदर चित्रं असलेली, पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद आणि वर '७०' हा सर्वोच्च दर्जा लिहिलेला. दर्जा देणाऱ्या पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था नामांकित आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आजच्या यंत्रावर पाडलेल्या नव्या नाण्याला ७० मिळणं दुर्मीळ नाही. एकाच कंपनीने विकलेल्या नाण्याला गिऱ्हाईकही बहुधा तीच एक असते. माझ्यासमोर असं नाणं आलं की मी डबीचा विचार करत नाही, आतलं वजन बघतो आणि धातूचा भाव देतो. इतर बहुतेक दुकानदारही तेच करतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची खरोखर दुर्मीळ नाणी हा तिसराच विषय. तो अभ्यासाचा छंद आहे आणि निवृत्तीच्या पैशातून फोनवर शिकायचा नाही.

मागे एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे पाव औंसाची सोन्याची नाणी घेऊन आल्या होत्या, सोबत नीट जपून ठेवलेलं बिल. बिलावर नाण्याचं नाव होतं, संख्या होती, एकूण रक्कम होती. औंस हा शब्द कुठेच नव्हता. मी नाण्यांच्या संख्येला चारने भागून औंस काढले, एकूण रकमेला त्या औंसांनी भागलं आणि शेजारी खरेदीच्या दिवशीचा स्पॉट लिहिला. औंसामागे दिलेली रक्कम स्पॉटच्या जवळपास दीडपट निघाली. मधल्या काळात सोनं चढलं होतं, तरी मी देऊ शकत होतो तो भाव त्यांच्या खरेदीच्या खालीच होता. त्या मला म्हणाल्या, "तो मुलगा दर वेळी आधी माझ्या नातवाची चौकशी करायचा हो." मला वाटतं, हे फार जणांच्या बाबतीत खरं आहे. एकट्या राहणाऱ्या माणसाला रोज कुणीतरी आपुलकीने फोन करतं, मग त्याच्याशी भावावरून घासाघीस करणं जिवावर येतं. तुमच्या फोनवरचा माणूसही कदाचित मनाने चांगला असेल. त्याला पगार मात्र स्प्रेडमधून मिळतो.

भीतीचा मुद्दा तुम्ही लिहिला नाहीत, पण तो पुस्तिकेत असणारच: '१९३३ मध्ये सरकारने सोनं जप्त केलं होतं.' घटना खरी आहे. ५ एप्रिल १९३३ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढला आणि लोकांना सोनं औंसाला २०.६७ डॉलर दराने जमा करायला लावलं. पुढच्या जानेवारीत सरकारी दर ३५ डॉलर झाला. त्या आदेशात माणशी १०० डॉलरपर्यंतच्या सोन्याच्या नाण्यांना आणि संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मोल असलेल्या दुर्मीळ नाण्यांना सूट होती. विक्रेते या सुटीचाच आधार घेतात: 'साधं सोनं जप्त होईल, आमची नाणी होणार नाहीत.' पण तो आदेश आज लागू नाही. ३१ डिसेंबर १९७४ पासून अमेरिकेत सोनं बाळगायला पूर्ण मुभा आहे. उद्या असा काही कायदा झालाच तर त्यात कुणाला सूट असेल हे आज कुणीही सांगू शकत नाही. दहा वर्षांपूर्वी पाडलेल्या नाण्याला १९३३ ची सूट चिकटवून त्याचे जास्त पैसे घेणं हा निव्वळ विक्रीचा युक्तिवाद आहे.

'सरकारचं लक्ष असेलच ना?' असं बऱ्याच जणांना वाटतं. पूर्ण पैसे देऊन घेतलेला आणि ताब्यात मिळालेला धातू हा शेअरसारखा रोखा मानला जात नाही. तो विकणाऱ्याला बहुतेक राज्यांत गुंतवणूक सल्लागारासारखा परवाना लागत नाही, आणि तुमचं हित आधी पाहण्याचं कायदेशीर बंधनही त्याच्यावर नसतं. कार्डावर 'सीनियर पोर्टफोलिओ मॅनेजर' छापलं म्हणून त्यात बदल होत नाही. कारवाई होते ती फसवणूक झाल्यावर. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराच्या वकील कार्यालयाने टीव्ही-रेडिओवर जोरात जाहिरात करणाऱ्या एका मोठ्या कंपनीवर साधं सोनं दाखवून महाग नाणी गळ्यात मारल्याचा खटला भरला होता. २०१२ मध्ये तडजोड झाली आणि जुन्या ग्राहकांसाठी ४५ लाख डॉलरपर्यंतच्या परताव्याची तरतूद झाली. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सीएफटीसी ही वायदे बाजारावर देखरेख करणारी केंद्रीय संस्था आणि ३० राज्यं मिळून आणखी एका कंपनीविरुद्ध कोर्टात गेली. तिथे आरोप १८ कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा होता, आणि त्यातला मोठा भाग वयस्कर लोकांचा निवृत्तीचा पैसा होता. जाहिरात करणारी प्रत्येक कंपनी अशी नसते. मात्र टीव्हीवर दिसली म्हणजे कुणीतरी तपासून पाहिली असेल, हा समज मनातून काढून टाका.

आता गोल्ड आयआरएकडे येऊ. ही सोय कायदेशीर आहे, पण त्यात तीन जण पैसे घेतात: सोनं विकणारा, खातं सांभाळणारा कस्टोडियन आणि तिजोरी ठेवणारी डिपॉझिटरी. शेवटच्या दोघांची फी दर वर्षी द्यावी लागते. सोनं ९९.५ टक्के आणि चांदी ९९.९ टक्के शुद्ध असावी असा नियम आहे; २२ कॅरटच्या ईगलला कायद्याने खास सूट आहे. 'आयआरए-मान्य' या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की नाणं या नियमात बसतं. किंमत रास्त आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. आणि हे सोनं तुम्ही घरी ठेवू शकत नाही. एका जोडप्यातल्या पत्नीने कंपनी काढून आयआरएची ईगल नाणी घरच्या तिजोरीत ठेवली होती. २०२१ मध्ये टॅक्स कोर्टाने ती रक्कम खात्यातून काढल्याचं धरलं आणि तिच्यावर कर लागला. वय ७३ झालं की (१९६० किंवा त्यानंतर जन्म असेल तर ७५) दर वर्षी ठरावीक रक्कम काढावी लागते, तेव्हा ही नाणी विकायची किंवा तशीच बाहेर काढायची कटकट असते. स्प्रेड मोठा असेल तर तो तिथे जाणवतो, कारण भाव चढायची वाट पाहायला वेळ नसतो.

म्हणजे सोनं घेऊच नये का? हे तुमच्यावर अवलंबून आहे, आणि मला तुमची सगळी परिस्थिती माहीत नाही. पेन्शन आहे का, घर फिटलंय का, बायकोचे आणि तुमचे दागिने धरून घरात आधीच किती सोनं आहे, ८० हजार हे एकूण बचतीच्या किती टक्के आहेत, यावर उत्तर बदलतं. माझ्या अनुभवात, निवृत्त माणसाने बचतीच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त धातूत ठेवू नये. सोन्यावर व्याज नाही, लाभांश नाही, आणि ते पडतंही. १९८० च्या जानेवारीत सोनं औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेलं होतं. तो आकडा पुन्हा दिसायला २००८ उजाडलं. चांदीचं तर विचारूच नका: २०११ मध्ये ४९ डॉलरच्या जवळ गेली आणि २०१५ संपताना १५ च्या खाली होती. शिवाय चांदीच्या नाण्यांवरचा प्रीमियम टक्क्यांत बहुधा सोन्यापेक्षा जास्त असतो.

दहावा हिस्सा ठेवायचा असं ठरलं, तर निवृत्तीच्या खात्यात सोन्याचा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड, हा सर्वांत सरळ मार्ग आहे. २००४ पासून चाललेल्या जीएलडी या फंडाची वार्षिक फी ०.४० टक्के आहे, म्हणजे ८० हजारांवर वर्षाला ३२० डॉलर. याहून स्वस्त फंडही आहेत. नेहमीच्या ब्रोकरकडच्या आयआरएत तो एका मिनिटात घेता-विकता येतो. उणीव एकच, सोनं हाताला लागत नाही. ज्यांना ते हातातच हवं असतं त्यांची भावना मला पूर्ण समजते. अशांनी खात्याबाहेरच्या पैशातून एक औंसाची साधी नाणी घ्यावीत. दहावा औंस, पाव औंस अशी लहान नाणी टाळावीत, त्यांवर टक्क्यांत जास्त पडतात. कॉस्टको ही मोठ्या दुकानांची साखळी २०२३ पासून सोन्याच्या लगडी विकतं आणि भाव बरा असतो, पण ते परत घेत नाहीत, तेव्हा विकायची जागा आधी शोधून ठेवा. विकताना नफ्यावर 'कलेक्टिबल', म्हणजे संग्रहाची वस्तू, म्हणून २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, हेही हिशेबात धरा.

कुठल्याही विक्रेत्याला, मलाही, हे विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा: या नाण्यात शुद्ध धातू किती औंस? आत्ताच्या स्पॉटवर मी किती टक्के देतोय? हेच नाणं याच क्षणी तुम्ही माझ्याकडून कितीला घ्याल? मग त्याच नाण्याचं नाव घेऊन दुसऱ्या दोन विक्रेत्यांना फोन करा आणि त्यांचा खरेदीचा भाव विचारा. साध्या नाण्यावर तिघांचे आकडे जवळजवळ येतात. 'आम्ही हे नाणं ओळखत नाही, धातूचा भाव देऊ' असं दोघं म्हणाले, की तुम्हाला काय विकलं जातंय ते कळलं. लिखित भाव द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढे बोलण्याचं कारण उरत नाही.

आता तुमच्या या आठवड्याबद्दल. पैसे अजून ४०१-के मध्येच असतील तर काहीही बिघडलेलं नाही. कस्टोडियनचा ट्रान्सफर फॉर्म ईमेलवर आला असेल तर त्यावर सही करू नका. फोनवर 'हो' म्हणून भाव लॉक करू नका. बऱ्याच करारांत तोंडी होकारानंतर ऑर्डर रद्द केली आणि भाव पडलेला असला तर फरक तुमच्याकडून वसूल करायचं कलम असतं. तीन दिवसांत रद्द करता येतं असं लोक समजतात, पण तो केंद्रीय नियम पूर्णपणे फोनवर झालेल्या विक्रीला लागू नाही. ४०१-के चा चेक चुकून तुमच्या नावाने निघाला असेल तर त्यातून २० टक्के कर कापला जातो, आणि पूर्ण रक्कम ६० दिवसांत दुसऱ्या निवृत्ती खात्यात भरावी लागते. तसं असेल तर आजच तुमच्या कर सल्लागाराला गाठा. आणि नाणी आधीच घेतली गेली असतील तर बिल आणि करारपत्र हाताशी ठेवून प्रत्येक नाण्याचं नाव, वजन आणि दिलेली किंमत इथे लिहा. औंसामागे किती पडले ते मी काढून देतो. ती साधी नाणी असतील तर घाईने विकू नका. खास नाणी असतील आणि फोनवर एक सांगून बिलात दुसरं आलं असेल, तर तुमच्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे लेखी तक्रार करा आणि त्याच दिवशी कंपनीलाही तिची प्रत पाठवा. अशा तक्रारीनंतर काही कंपन्या स्वतःहून परताव्याचं बोलू लागतात, हे मी पाहिलं आहे.